‘अंडरहँड’ म्हणजे काय?

‘अंडरहँड’ या इंग्रजी विशेषणाला मराठी प्रतिशब्द कोणता, असें विद्यार्थी विचारतात, आणि आम्ही ‘चोरटा’, ‘छुपा’, ‘आतल्या गाठीचा’ अशी यादी सांगून मोकळे होतों. कोशाचें काम तेवढ्यानें भागतें. नीतीचें भागत नाहीं. गुप्तदानही छुपेंच असतें, आणि गनिमी कावा तर आपण अभिमानानें मिरवितों. तेव्हां दोष नुसत्या लपविण्यांत नाहीं, दुसऱ्या कशांत तरी आहे.

मौज अशी कीं, जुन्या इंग्रजींत या शब्दाचा अर्थ ‘ताब्यांतला’, म्हणजे शब्दशः आपला ‘हाताखालचा’, असाच होता. कपटाचा अर्थ त्याला पुढें सोळाव्या शतकांत चिकटला. इंदापूर तालुक्यांत हे दोन्ही अर्थ एकत्र भेटतात. प्रिंगलसाहेबांची १८२८ नंतरची जमीनमोजणी हाताखालच्या नोकरांच्या लाचखोरीनें नासली, आणि १८३५-३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांना तेथूनच नव्या पाहणीस आरंभ करावा लागला.

ही लाच तरी पडद्याआड घेतलेली. सुप्याचें प्रकरण अधिक अवघड आहे. हें गांव आज बारामती तालुक्यांत आहे. त्या काळीं भीमथडींत होतें. १२ मे १८७५ रोजीं, भर बाजाराच्या दिवशीं, तेथें सावकारांचीं घरें व दुकानें लुटलीं गेलीं, आणि मग पुणें व नगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांत कुळांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. हे रोखे कांहीं अंधारांत लिहिलेले नव्हते. स्टँपाचा कागद, साक्षीदार, खालीं कुणब्याची नांगराची निशाणी, सर्व यथासांग. तरीही तोंडानें सांगितलें एक व कागदावर उतरलें दुसरें, असें जेथें घडलें तेथें त्या उघड व्यवहाराला आम्ही ‘अंडरहँड’च म्हणूं, कारण ज्याला तें समजण्याचा हक्क होता, त्याच्याच अज्ञानावर तो उभा होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानें रोख्यावरील आंकड्यापाशीं न थांबतां मूळ देवघेवीपर्यंत जाण्यास न्यायाधीशांना सांगितलें, तें याच समजुतीनें.

मग उलट प्रश्न उरतोच. सावकाराचा माणूस खळ्यावर येण्यापूर्वीं रात्रींतून चार पायल्या ज्वारी हलविणाऱ्या कुळाला काय म्हणावें? खोट्या रोख्याचा नसला, तरी खऱ्या मुदलाचा सावकाराचा हक्क त्या धान्यावर होता. आमची व्याख्या लावली तर हें कृत्यही त्याच विशेषणास पात्र ठरतें, आणि आम्ही तें लावतों. बारामती-इंदापुराकडचीं मुलें मात्र वर्गांत तें लावूं देत नाहींत. तीं म्हणतात, ती ज्वारी पोराबाळांची होती.