मुंगीला मारावे का?



आपल्या गोंदिया जिल्ह्यात पावसाळा लागला, की धानाच्या बांध्या पाण्याने भरतात. मग लाल मुंग्या कोरडी जागा शोधत धुऱ्यावर आणि घरामागच्या परसबागेत येतात. वांगी-भेंडीची रोपे कुरतडतात, पेरलेले बी उचलून नेतात. लेकरांच्या पायाला डसल्या, की आग होऊन फोड येतो. यांतील एक जात मूळची अमेरिका खंडातली. माणसाच्याच जहाजांतून ती जगभर पसरली. आपण मात्र दुकानातून पावडर आणतो, वारुळावर टाकतो आणि विसरतो.

मुंगीला मारण्याचा अधिकार आपल्याला आहे का? लेकरांचे आणि पिकाचे रक्षण करणे हे आपले कर्तव्य आहे, म्हणून उत्तर 'होय' असेच द्यावे लागते. परंतु उत्पत्तीच्या पुस्तकात मानवाला बाग मिळाली ती मशागत करण्यासाठी व राखण्यासाठी. राखणदाराच्या अधिकाराला मर्यादा असते.

काही जण म्हणतील, 'आम्ही सेंद्रिय उपाय करतो, म्हणजे आम्ही निर्दोष.' तसे नाही. उकळत्या पाण्यानेही मुंग्या मरतातच. फरक हा, की उकळते पाणी वारुळापाशी थांबते, विष थांबत नाही. ते पावसाच्या पाण्याबरोबर शेजाऱ्याच्या विहिरीत, बोडीतल्या मासळीत, अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबडीत जाऊ शकते. पूर्वी सर्रास वापरली जाणारी बीएचसी पावडर भारतात १९९७ साली बंद झाली. ते विष मातीत वर्षानुवर्षे टिकून राहते. आपल्या सोयीची किंमत कोण मोजतो, हा खरा नैतिक प्रश्न आहे.

मग करावे काय? सकाळी मुंग्या वर आलेल्या असताना वारुळात बादलीभर उकळते पाणी सावकाश ओतावे. राणी खोल असते, म्हणून काही दिवसांनी पुन्हा ओतावे. लेकरांना दूर ठेवावे आणि रोपाच्या मुळाशी ओतू नये, रोप मरते. झाडावर मावा असेल, तर त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या येतात व त्याची राखणही करतात. तेथे निंबोळी अर्क फवारावा. मावा गेला, की मुंग्यांची रांगही कमी होते. दूरच्या धुऱ्यावरचे वारूळ मात्र राहू द्यावे. याच मुंग्या किडींची अंडी व अळ्याही खातात.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले. शेजाऱ्याची विहीरही त्याच घरात येते. पावडरचा डबा हाती घेण्यापूर्वी आपल्या परसातले पाणी कोठे वाहत जाते, एवढे तरी पाहू या.