सावधपणा आणि संशय

माणसाने माणसावर विश्वास ठेवावा, ही शिकवण आपल्याला घरातून आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातून लहानपणीच मिळते. त्याच घरात आज मुलांना दुसरा धडा द्यावा लागतो : पलीकडे बोलणारा कोण, हे कळल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नकोस. हे दोन धडे परस्परांच्या विरोधात आहेत काय? सावधगिरी शिकता शिकता आपण शेजाऱ्यावरील प्रेम तर विसरत नाही ना? सुटीतील प्रवासासाठी हॉटेलात खोली राखून ठेवण्यासारख्या साध्या व्यवहारातही हा प्रश्न आता उभा राहतो, म्हणून त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

या व्यवहारातील फसवणुकीची रीत बहुधा ठरलेली असते. मे महिन्यात किंवा नाताळच्या सुटीत एखादे कुटुंब गोव्याला जायचे ठरवते. इंटरनेटवर शोध घेताना सर्वांत वर दिसते ती पैसे मोजून केलेली जाहिरात असू शकते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. संकेतस्थळ खऱ्या हॉटेलचेच वाटते; छायाचित्रे त्याच हॉटेलची, पण परस्पर उचललेली; नावात एखादेच अक्षर इकडचे तिकडे. क्वचित नकाशावर खऱ्या हॉटेलच्या नावापुढे भलताच फोन क्रमांक घातलेला असतो. बोलणारा आर्जवी असतो. भाडे इतरांपेक्षा कमी, खोल्या दोनच शिल्लक आणि अर्धी रक्कम ताबडतोब हवी. ती पाठवली की पावती निघत नाही, तेवढीच रक्कम पुन्हा पाठवा, आधीची परत मिळेल, असे सांगण्यात येते. परताव्यासाठी म्हणून एखादा क्यूआर कोडही येतो. शेवटी मुलाबाळांसह, सामानासह कुटुंब दारात उभे राहते, तेव्हा हॉटेलच्या वहीत त्यांचे नाव नसते.

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला. त्यात यात्रेकरूंचा आणि पर्यटकांचा खास उल्लेख होता. केदारनाथची हेलिकॉप्टर सेवा, चारधामची अतिथिगृहे व हॉटेले, भाड्याच्या मोटारी यांच्या नावाने खोटी संकेतस्थळे आणि समाजमाध्यमांवरील खोटी पाने चालवली जात होती. भाविकाची श्रद्धा हेच या चोरांचे भांडवल. जे उत्तराखंडच्या यात्रेकरूच्या बाबतीत घडते, ते वेलंकनीच्या किंवा जुन्या गोव्याच्या यात्रेकरूच्या वाट्यालाही येऊ शकते. यात्रेच्या दिवसांत खोल्या मिळेनाशा होतात, आणि खोली मिळणार नाही या भीतीने माणूस घाई करतो.

अशा जगात विश्वास आणि सावधगिरी यांचा मेळ कसा घालावा? तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात न्यायाची चर्चा करताना संशयाचा प्रश्न विचारात घेतला आहे. पुरेशा कारणावाचून दुसऱ्याविषयी वाईट मत करून घेणे हा त्या माणसावर अन्याय आहे, असे ते मानतात. दुर्जनाला चांगला समजण्यात आपण वारंवार चुकलो तरी चालेल, कारण त्या चुकीने कोणावर अन्याय होत नाही. सज्जनाला वाईट ठरवण्याची चूक मात्र क्वचित घडली तरी ती त्याला दुखावते. परंतु त्याच चर्चेत ते आणखी एक गोष्ट सांगतात. एखाद्या अपायावर उपाय योजायचा असेल, तर वाईटात वाईट शक्यता गृहीत धरणे हितावह असते. कारण मोठ्या अपायावर जो उपाय चालतो, तो लहान अपायावर चालतोच.

आपल्या प्रश्नाचे उत्तर या भेदात आहे. माणसाचा निवाडा करणे ही एक गोष्ट आणि व्यवहाराची काळजी घेणे ही दुसरी. रात्री दाराला कडी लावणारा गृहस्थ शेजाऱ्याला चोर ठरवीत नसतो. ख्रिस्ती परंपरेने सुज्ञतेला न्याय, धैर्य आणि संयम यांच्या पंक्तीला बसवले आहे, भित्रेपणाच्या नव्हे.

ही सुज्ञता प्रत्यक्षात अगदी साधी असते. हॉटेलचा क्रमांक त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा, स्वतः फोन करावा आणि आपल्या नावाची नोंद झाली आहे का, हे विचारावे. गोव्यात पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांनी १९८२ च्या कायद्यान्वये पर्यटन खात्याकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. तो नोंदणी क्रमांक मागावा. यूपीआयने पैसे देताना पिन घालण्यापूर्वी, रक्कम कोणाच्या नावावर जाणार ते पडद्यावर दिसते. हॉटेलऐवजी भलत्याच माणसाचे नाव दिसले तर तिथेच थांबावे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो, एवढे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. शक्य असेल तेथे भाडे पोहोचल्यावर द्यावे. आरक्षणाच्या प्रसिद्ध संकेतस्थळावरून आलेला निरोपही पारखून घ्यावा. हॉटेलांची खाती बळकावून तेथूनच पाहुण्यांकडे पैसे मागितल्याचे प्रकार २०२३ मध्ये अनेक देशांत उघडकीस आले. प्रामाणिक हॉटेलमालकाला अशा विचारपुशीचे वावडे नसते. चौकशी करताच जो चिडतो किंवा घाई करतो, त्याच्याशी व्यवहार न केलेला बरा.

दयाळू शोमरोन्याची कथा आपण कितीदा तरी ऐकली आहे. तिच्यातील उतारशाळेच्या मालकाकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही. शोमरोन्याने त्याच्या हाती दोन नाणी ठेवली आणि अधिक खर्च होईल तो परतताना देण्याचे वचन दिले. अनोळखी प्रवाशाच्या शब्दावर मालकाने जखमी माणसाची जबाबदारी घेतली. थोडे हातात, थोडे वचनावर. दोघांनीही एकमेकांवर विश्वास टाकला आणि हिशेबही चोख ठेवला. मुक्कामाचा व्यवसाय आजही असाच चालतो. म्हणूनच खोट्या आरक्षणाने प्रवाशाबरोबर ज्याचे नाव चोरले जाते तो मालकही लुबाडला जातो. कोकणात राहत्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या कुटुंबाजवळ मोठ्या जाहिरातीसाठी पैसे नसतात. त्याची चौकशी करणे हा आपला हक्क आहे. पण केवळ लहान म्हणून त्याला लबाड समजणे हा तोच अन्याय, ज्याविषयी संत थॉमस आपल्याला सावध करतात. चौकशीत सारे ठीक आढळले की विश्वास टाकावा, हाही सुज्ञतेचाच भाग आहे.

फसलेल्या माणसाशी आपण कसे वागतो, ही या प्रश्नाची सर्वांत अवघड बाजू. ‘स्वस्ताच्या मोहाला भुललास’, ‘शिकलेला असून कळले नाही?’ असे शब्द सहज तोंडून निघतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड या कलमाने तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे तो तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला. आपण मात्र घरच्या घरी शिक्षा करतो ती फसलेल्याला. त्याचा परिणाम असा होतो की निवृत्त वडील मुलांपासून आणि सून सासूपासून गोष्ट लपवते. लपवण्यात वेळ जातो, आणि येथे वेळच मोलाचा. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवले, तर चोराने रक्कम काढून घेण्यापूर्वी ती रोखून धरता येण्याची शक्यता असते. दोन दिवसांनी ती फारशी उरत नाही. आपल्या टोमण्यांच्या भीतीने कोणी गप्प बसला, तर त्या मौनाचा लाभ थेट चोराला होतो.

तेव्हा मुलांना दोन्ही धडे द्यावेत, आणि ते वेगळे का आहेत हेही सांगावे. धर्मग्रामातील तरुणांनी सहलीला निघालेल्या वडीलधाऱ्यांजवळ दहा मिनिटे बसून त्यांचे आरक्षण एकदा पाहून द्यावे. आणि कोणी फसलाच, तर त्याला पहिला प्रश्न ‘असे कसे केलेस?’ हा न विचारता ‘तक्रार नोंदवली का?’ हा विचारावा, आणि नोंदवली नसेल तर तो क्रमांक आपणच लावून द्यावा.