दडणाऱ्याचा हक्क

काचेची पेटी पाण्याने भरून तीत मासे सोडण्याची कल्पना मुळात पाहणाऱ्याच्या सोयीसाठी निघाली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली सार्वजनिक मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याने पुस्तक लिहून ‘अॅक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हाही हेतू तोच होता: पाण्याने जे झाकले आहे ते काचेतून दिसावे. अशा पेटीत कोणी मुद्दाम दडण्याच्या जागा करू लागला, तर तो पेटीच्या हेतूविरुद्धच खटपट करतो असे म्हटले पाहिजे. रायपुरातील गुढियारी या रेल्वेमार्गापलीकडच्या, ठोक बाजाराच्या गजबजलेल्या वस्तीत आम्ही हीच खटपट करीत असतो. तीतून निघालेला एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

आमच्या पेटीतला मासा बोटिया स्ट्रायाटा. बाजारात याला ‘झेब्रा लोच’ म्हणतात. बोटभर लांबी, पिवळसर अंगावर गडद पट्ट्यांची दाट रांग, तोंडाशी मिशा आणि तळाशी राहण्याची वृत्ती. नारायण राव यांनी १९२० साली शिमोग्याजवळच्या तुंगा नदीतील नमुन्यांवरून याचे वर्णन केले. तुंगेचे पाणी अखेर कृष्णेलाच मिळते, म्हणजे मासा आमच्याच कृष्णाखोऱ्यातला! पश्चिम घाटाच्या नद्यांखेरीज जगात तो इतरत्र नाही, आणि धोक्यात आलेल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचे नाव आहे. बदलीवर आलेल्या माणसाला येथे एक उपमा मोहात पाडील, पण ती आम्ही टाळतो. आपल्याला प्रवासभत्ता मिळतो, बदलीविरुद्ध अर्ज करता येतो, निदान निवृत्तीची तारीख ठाऊक असते. माशाला यांतले काहीच नाही; म्हणूनच ठेवणाऱ्यावरचा भार अधिक.

हा भार प्रथम हातांनी उचलावा लागतो. वाळू बारीक व गोलसर कणांची हवी. धारदार खडीने मिशा झिजतात, आणि मिशा हीच या माशाची अन्न चाचपण्याची व चाखण्याची इंद्रिये. मोठे दगड वाळूवर रचू नयेत, आधी तळाच्या काचेवर घट्ट बसवून मग भोवती वाळू घालावी. नाहीतर उकरणाऱ्या माशाच्या अंगावर दगड कोसळतो. कुंभाराकडचे न रंगवलेले लहान मडके आडवे ठेवले, कड घासून गुळगुळीत केलेली नारळाची करवंटी पालथी घातली, की उत्तम घर होते. भोक प्रशस्त नसावे. या माशांना पाठ आणि कूस कशाला तरी टेकलेली आवडते. दिवाणखान्यासारखी गुहा त्यांच्या कामाची नाही. घरे माशांपेक्षा जास्त हवीत, म्हणजे भांडण होत नाही. आणि मासा एकटा ठेवू नये, पाचसहा तरी असावेत. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवावे. गाळणीत उपयुक्त जीवाणू वाढून घाण पचवू लागेपर्यंत काही आठवडे धीर धरावा. रायपूरच्या मे महिन्यात पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो, आणि हा तर वाहत्या पाण्याचा जीव. तेव्हा पेटी घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात हवी, मग तो कोपरा बैठकीचा नसला तरी चालेल.

येथवर सगळे सोपे आहे. गंमत अशी की, दडायला जागा मुबलक असली म्हणजे हे मासे बाहेर अधिक येतात. आसरा दोन हातांवर आहे अशी खात्री असली की भित्रा प्राणीही मोकळा फिरतो; मोकळ्या पेटीत तो कोपऱ्यात फिकट पडून राहतो. मग प्रश्न असा, की आम्ही मडके ठेवतो ते माशासाठी की आमच्या डोळ्यांसाठी? कोणी म्हणेल, दोघांचेही हित साधत असेल तर हेतूची चौकशी कशाला? आम्हांस ही चौकशी आवश्यक वाटते, कारण हित एकत्र असते तोवर हेतू ओळखूच येत नाही. एखादा मासा महिनोन्‌महिने दिवसा दर्शन देत नाही, रात्री दिवा मालवल्यावरच निघतो, पाहुणे आले, त्यांच्या लहानग्याने काचेवर टकटक केली आणि “मासे कुठे आहेत?” म्हणून विचारले. त्या क्षणी मडके उचलायचे की नाही? उचलले, तर ते घर नव्हते, आमिष होते.

याहून कठीण आक्षेप असा, की ज्याने कैद केली त्याने एकांताच्या गोष्टी बोलूच नयेत. आक्षेपात तथ्य आहे. बाजारात येणारे यांतले पुष्कळ मासे नदीतूनच धरलेले असतात, आणि करवंटी ठेवल्याने नदी परत मिळत नाही. पण एक ऋण फिटत नाही म्हणून दुसरेही बुडवावे, हा न्याय आम्हांस पटत नाही. उलट ज्याच्यावर सत्ता पूर्ण चालते त्याच्या बाबतीतच न पाहण्याचा संयम खरा कसाला लागतो. बेंथॅमने १७९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुरुंगाच्या आराखड्यात कैद्याला पहारेकरी दिसत नाही, पण कैदी मात्र कोणत्याही क्षणी दिसू शकतो. त्यातली क्रूरता भिंतींत नाही, या एकतर्फी नजरेत आहे. माणसाच्या खाजगीपणाला आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी मूलभूत हक्क म्हटले ते २०१७ साली. मासा न्यायालयात जाणार नाही. त्याच्या वतीने निकाल पेटीच्या मालकालाच, स्वतःविरुद्ध, द्यावा लागतो.

आमच्यापुरता निकाल असा झाला आहे. नवा मासा दुकानदाराकडून मागवायचा नाही. आहेत त्यांना अखेरपर्यंत सांभाळायचे. साफसफाईखेरीज मडक्याला हात लावायचा नाही, आणि जाळी तर शक्यतो वापरायचीच नाही. या माशाच्या डोळ्याखाली काटा असतो, तो जाळीत अडकून मासा जखमी होतो. पाहुण्यांना चहा देतो आणि मडके दाखवतो. काही जण हसतात. एका मुलाने मात्र परवा, मडक्याच्या तोंडाशी बराच वेळ पाहून, आवाज न करता खुर्ची मागे घेतली.