ओंजळ कोणाची?

मनुष्याचा धर्म त्याच्या देव्हाऱ्यात शोधावा, की जमाखर्चाच्या वहीत? दिवाळीच्या तोंडावर आमच्या देऊळघाटासारख्या गावातही घरोघरी खर्चाची यादी होते. किराणा, कपडालत्ता, फटाके, भाऊबीज. आणि अगदी तळाशी धर्मादाय म्हणून काही रुपये. ते किती असावेत, याची आपण चर्चा करतो. ते कोणाच्या वाट्यातून जातात, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

ख्रिस्ती शुभवर्तमानात एका गरीब विधवेची गोष्ट आहे. मंदिराच्या दानपेटीत श्रीमंतांनी पुष्कळ टाकले. तिने दोन दमड्या टाकल्या. येशूने तिचेच दान मोठे ठरविले, कारण इतरांनी उरल्यातून दिले होते व तिने आपल्या उपजीविकेतून. या गोष्टीतला एक बारकावा नेहमी निसटतो. त्या दमड्या तिच्या स्वतःच्या होत्या. उपास घडणार होता तो तिलाच.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा हात मोठा सढळ. आलेला पैसा गरजवंताकडे निघालाच म्हणून समजावे. पण चूल पेटवायची होती लक्ष्मीबाईंना. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना टिळकांच्या भोळ्या औदार्यावर आपला लोभ जडतो. परंतु रिकाम्या डब्यांची काळजी कोण वाहत होते, हेही त्याच पुस्तकात स्वच्छ दिसते. टिळकांच्या दानात निम्मा वाटा लक्ष्मीबाईंचा होता. फरक इतकाच, की तो त्यांना न विचारता काढलेला होता. आणि त्याच लक्ष्मीबाईंनी परक्या अनाथ मुलांना आईची माया दिली. ते देणे मात्र त्यांचे स्वतःचे.

कोणी म्हणेल, घरात सर्वांना विचारीत बसले तर दान कधी व्हायचेच नाही. मास्तरकीतला माझा अनुभव निराळा आहे. मधल्या सुट्टीत ज्याचा डबा आला नाही, त्याला आपल्यातली अर्धी भाकर मोडून देणारी मुले मी नित्य पाहतो. त्यांना कोणी सांगितलेले नसते. घरातल्या मुलांना आपण विचारीतच नाही, म्हणून त्यांचे मन आपल्याला कळत नाही.

तेव्हा वाचकहो, यंदा यादी करताना सर्वांना जवळ बसवावे. द्यायचे किती, ते मिळून ठरवावे. आणि काही कमी करावयाचे झाल्यास कर्त्या पुरुषाने पहिली काट आपल्या नावापुढे मारावी. बायकोच्या लुगड्यातून किंवा पोरांच्या करंज्यांतून काढलेल्या पुण्याचा जमाखर्च देवाच्या वहीत कोणाच्या नावे पडतो, हे सांगायला शास्त्री नको, की पाद्री नको.