नगराचा कवी कोणाचा?

एखाद्या नगराने आपला अधिकृत कवी नेमावा काय, हा प्रश्न म्हसळ्यासारख्या खाडीकाठच्या गावात विचारणे काहींना हास्यास्पद वाटेल. रस्ते आणि पाणी ह्यांच्या विवंचनेत असलेल्या नगरपंचायतीला कवीच्या मानधनाचा विचार सुचावा कसा? पश्चिमेकडील अनेक शहरांनी मात्र अशी पदे निर्माण केली आहेत. त्यांच्यामागचा नैतिक प्रश्न पुरातन आहे: ज्याचे अन्न खावे, त्याच्याविषयी सत्य बोलता येते काय?

म्हसळा १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होते. त्या काळी राजकवी ही संस्था मराठीला अपरिचित नव्हती. भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी होते, यशवंत बडोद्याचे. दोन्ही संस्थाने गेली. तांब्यांची जी गीते आजही घरोघरी गुणगुणली जातात, त्यांत सिंहासनाचा उल्लेख शोधूनही सापडणार नाही.

इंग्लंडमध्ये १६६८ साली जॉन ड्रायडन राजकवी झाले. बायबलमधील अबशालोमच्या बंडाचा आधार घेऊन त्यांनी राजाच्या विरोधकांवर जहाल उपरोधकाव्य रचले. पुढे कॅथलिक असलेल्या दुसऱ्या जेम्सच्या कारकिर्दीत तेही कॅथलिक झाले, तेव्हा निंदकांना त्यात स्वार्थ दिसला. १६८८ च्या क्रांतीनंतर नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ घेण्याचे त्यांनी नाकारले आणि पद व वेतन दोन्ही गमावले. निंदकांना ह्याहून चोख उत्तर कोणत्याही काव्याने दिले नसते. तरीही एक शंका उरतेच. पदावर असताना केलेल्या रचनांत विवेकाचा वाटा किती आणि वेतनाचा किती, हे खुद्द ड्रायडन तरी निश्चित सांगू शकले असते काय?

आमोस हा मेंढपाळ. बेथेल येथे त्याने इस्राएलच्या अन्यायाविरुद्ध वाणी उच्चारली, तेव्हा अमस्याने त्याला बजावले की, हे राजाचे पवित्रस्थान आहे, तू यहूदात जा आणि तिथे पोट भर. असे बजावणारा अमस्या पुरोहित होता, हे आम्हा धर्मगुरूंनी विसरू नये.

मग कवीला पद देऊच नये काय? मला तसे वाटत नाही, आणि ह्याचे कारण आपल्याच मातीत आहे. रायगड-रत्नागिरीच्या कुणबी वाड्यांतून गणेशोत्सवात जाखडी रंगते. मध्यभागी शाहीर व ढोलकीवाला, भोवती पायांत चाळ बांधून फेर धरणारे तरुण. शाहीर एका परीने गावाचा नियुक्त कवीच असतो. नेमणूकपत्र नसले तरी गावाची अब्रू त्याच्या कवनावर अवलंबून असते. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात समोर दुसऱ्या पक्षाचा शाहीर उभा असतो. तो सवाल टाकतो, खोड काढतो, बढाईची टर उडवतो आणि त्याला तिथल्या तिथे जवाब द्यावा लागतो. आपल्याच गावकऱ्यांच्या देखत आपल्या गावाच्या कवीला कोणी अडवू शकतो, ही सोय ना ग्वाल्हेरच्या दरबारात होती, ना लंडनच्या. जाखडीतील टीका कधी कधी ग्राम्य होते हे खरे. पण खुशामतीपेक्षा तो दोष मला सौम्य वाटतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळले आणि ह्या परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. रीतीप्रमाणे पंचनामे झाले. पंचनाम्यात झाडांची संख्या येते; ते झाड आजोबांनी लावले होते, हे लिहिण्यास रकाना नसतो. यरुशलेम उद्ध्वस्त झाले, तेव्हा तो रकाना विलापगीताने भरला. त्याच्या पाच अध्यायांपैकी चार हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचलेले आहेत, जणू शोकालाही शिस्तीचा आधार हवा होता. पवित्र सप्ताहात ते वाचण्याची ख्रिस्तसभेची परंपरा आहे. तो कवी नगरासाठी रडतो, परंतु नगराचे पाप झाकत नाही. पुरोहितांचे तर मुळीच नाही.

म्हसळ्यात पिढ्यान् पिढ्या हिंदू, मुसलमान, बौद्ध शेजारी राहत आले आहेत. दुःख मात्र ज्याने त्याने आपापल्या प्रार्थनास्थळी नेले. सर्वांना आपला वाटेल असा शोक शब्दांत मांडण्यासाठी कोणी नेमला गेला, तर त्याच्याकडून उद्घाटनाची स्तुतिपद्ये मागू नयेत. मुदत दोन-तीन वर्षांची असावी, आणि त्याला सवाल टाकण्यासाठी दुसऱ्या वाडीच्या शाहिरालाही त्याच मंचावर बोलवावे.