उक्ते काम

राजा हरिश्चंद्राची गोष्ट सांगताना आपले सगळे लक्ष हरिश्चंद्राकडे असते. स्वप्नात दिलेला शब्द त्याने जागेपणी पाळला, राज्य सोडले, बायकोमुलाला विकले, स्वतः डोंबाघरी राबला. पण सत्त्वाला जागला. वर्गातली मुले गहिवरून ऐकतात. मागल्या बाकावरचा एखादा द्वाड मुलगा मात्र हटकून विचारतो, "पण गुरुजी, विश्वामित्राने त्याला सोडून का नाही दिले?" ती सत्त्वपरीक्षा होती, असे सांगून आपण त्याला गप्प बसवतो. मुलगा गप्प बसतो. प्रश्न बसत नाही. आपला शब्द पाळणे हा सद्गुण खरा. पण दुसऱ्याला त्याच्या शब्दात धरून ठेवणे हाही सद्गुणच का?

नव्या घराची फरशी बसवताना हा प्रश्न अगदी सिमेंट-वाळूच्या रूपात माझ्यापुढे आला. घर तिसऱ्या मजल्यावरचे, इमारतीला लिफ्ट नाही. फरशी ६०० चौरस फूट. टाइल्स आमच्या, वाळू, सिमेंट आणि मजुरी मिस्त्रींची, दर चौरस फुटाला ६० रुपये. म्हणजे ३६,००० रुपये उक्ते. हा 'उक्ते' शब्द मोठा दिलासा देणारा आहे. रोजंदारीत माणसाला दर दिवशी धास्ती वाटते. उक्त्यात एकदा आकडा ठरला की मालक निवांत झोपतो.

तीन दिवसांनी मिस्त्रींनी पाण्याची नळी लावून मला दाखवली. दारापाशी खूण केली आणि समोरच्या कोपऱ्यात नळीतले पाणी काय सांगते ते बघायला मला ओणवे केले. स्लॅबला दोन इंचांचा उतार होता. "गुरुजी, एवढा भर घालायलाच पाहिजे. नाहीतर पाणी सांडलं की सगळं एका कोपऱ्यात," ते म्हणाले. मग त्यांनी हिशेब सांगितला. भराचे ६,०००, भिंतीकडेच्या स्कर्टिंगचे १५० रनिंग फुटांना १५ रुपये दराने २,२५०, आणि खोकी जिन्याने वर चढवण्याचे २,०००. एकूण जादा १०,२५० रुपये. निम्मी फरशी तेव्हा बसलेली होती.

घरात साहजिकच चर्चा झाली. आमच्या सौ.चा मुद्दा बिनतोड होता. "काम सोपं निघालं असतं, दोन दिवस आधी उरकलं असतं, तर त्यांनी पैसे परत केले असते का?" नसते केले, आणि आम्ही मागितलेही नसते. उक्त्याचा अर्थच तो. नफा झाला तर त्याचा, तोटा झाला तर तोही त्याचाच. मग तोट्याच्या दिवशीच ठराव मोडायचा, हा कुठला न्याय?

या मुद्द्याच्या पाठीशी कायद्याची जुनी परंपराही आहे. १८०९ साली इंग्लंडमध्ये एका जहाजाचा खटला उभा राहिला. बाल्टिक समुद्रातल्या सफरीत दोन खलाशी पळून गेले. उरलेल्यांनी जहाज परत नेले, तर पळालेल्यांचा पगार त्यांच्यात वाटून देण्याचे कप्तानाने कबूल केले. लंडनला पोहोचल्यावर तो पैसा मिळाला नाही, आणि न्यायालयानेही खलाशांना नाही म्हटले. जहाज घरी आणणे हे त्यांचे ठरलेलेच काम होते. त्याला नवा मोबदला कसला? भर समुद्रात कप्तानाची अडवणूक होऊ नये ही चिंता त्या काळच्या विचारामागे होती. अर्धी फरशी बसलेला मालक म्हणजे भर समुद्रातला कप्तानच. दुसरा मिस्त्री दुसऱ्याच्या अर्धवट कामाला सहसा हात लावीत नाही.

पण त्याच इंग्लंडात १९८९ साली एका सुताराची हकीकत न्यायालयापुढे आली. त्याने २७ सदनिकांचे काम २०,००० पौंडांना उक्ते घेतले होते. दर मुळातच कमी होता, सुतार बुडायला आला, आणि मुख्य कंत्राटदाराने आपण होऊन १०,३०० पौंड जादा कबूल केले. पुढे त्याने हात आखडता घेतला, तेव्हा न्यायालयाने सुताराच्या बाजूने कौल दिला. काम वेळेत पुरे होण्यात कंत्राटदाराचाही फायदा होता आणि कोणी त्याचा गळा धरलेला नव्हता. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७० सांगते, की फुकट करण्याचा इरादा नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी रीतसर काही केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई द्यावी. आमचा भर ठरावात धरायचा की ठरावाबाहेर, यावर वकील मंडळी दिवाळीपासून होळीपर्यंत भांडतील. मला तेवढा वेळ नव्हता. मिस्त्री खाली चहा पीत थांबले होते.

मी कागद घेऊन बसलो. एका कोपऱ्यात शून्य आणि दुसऱ्यात दोन इंच, म्हणजे सरासरी एक इंच. ६०० चौरस फुटांवर एक इंच म्हणजे ५० घनफूट. अर्धा ब्रास भर. हा काही तोंडी लावण्याचा मामला नव्हे. दर ठरवताना हा उतार त्यांना दिसला नव्हता आणि मलाही नाही. उघड्या स्लॅबवर उभे राहून दोन इंच डोळ्यांना कळत नाहीत. ज्या गोष्टीविषयी दोघांपैकी कोणी काहीच बोलले नाही, तिच्याबद्दल एकाने शब्द दिला होता असे दुसऱ्याने म्हणावे, हे मला पटेना. स्कर्टिंग रनिंग फुटाने वेगळे मोजायचे, ही त्या धंद्यातली रीतच आहे. जिन्याचे मात्र तसे नव्हते. तिसरा मजला त्यांनी पहिल्याच दिवशी धापा टाकीत पाहिला होता. दोघांच्या डोळ्यांसमोर जे होते, ते दरात आले.

शेजारच्या एका वयस्क गृहस्थांनी मधला मार्ग सुचवला: "वाद कशाला घालता? जादा म्हणून देऊ नका, दिवाळीची पोस्त म्हणून चार हजार हातावर ठेवा. तोही खूश." युक्ती चांगली होती. तिच्यात देणाऱ्याचा हात वर राहतो आणि ठरावही मोडत नाही. मिस्त्रींच्या कानावर ती गेली, तेव्हा ते हसले नाहीत की रागावलेही नाहीत. म्हणाले, "पोस्त दिवाळीला घेईन, गुरुजी. हे कामाचं आहे. कामाचं नसेल तर नको."

या उत्तराचा मी पुष्कळ विचार केला. टाइल्सच्या दुकानात छापील बिल आपण मुकाट्याने भरतो. गवंड्याशी घासाघीस करतो आणि मग उदार होऊन वर बक्षीस देतो. बक्षीस देणे सोपे असते, कारण ते नाकारता आले असते ही जाणीव सुखाची असते. देणे देताना ते सुख मिळत नाही. मिस्त्रींना माझे औदार्य नको होते; त्यांचा हिशेब बरोबर आहे की चूक, एवढेच त्यांना माझ्या तोंडून ऐकायचे होते.

भराचे आणि स्कर्टिंगचे मिळून ८,२५० रुपये द्यायचे ठरले. जिन्याचे नाही म्हणून मी सांगितले आणि का ते सांगितले. ते थोडा वेळ जिन्याकडेच पाहत होते. मग म्हणाले, "बरोबर आहे. ते मी धरायला पाहिजे होतं."

कामाचे दोन्ही बाजूंनी मिटले. पण ही खोकी एका बिगाऱ्याने चढवली होती. एका खोक्यात चार नग, वजन पंचवीस-तीस किलोच्या घरात, आणि अशी चाळीस खोकी. तोट्यात त्याचा रोज कापला जाईल का, असे मी विचारले. "त्याचा रोज कसा कापणार?" मिस्त्री म्हणाले, "त्यानं कुठं दर ठरवला होता?" आणि ते ग्राउट कालवायला आत गेले.