शनिवारचा धुतलेला सदरा

पणजीत चर्चसमोर जे नगरपालिकेचे उद्यान आहे, त्याला गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे नाव आहे. भारतातल्या औषधी द्रव्यांवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर तो उपचार करी. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते आणि तिथले आपले आंब्याचे झाड वर्षातून दोनदा फळते, हे त्याने कौतुकाने नोंदवून ठेवले आहे. 1568 मध्ये तो ख्रिस्ती म्हणून वारला, ख्रिस्ती म्हणूनच पुरला गेला. पुढच्या वर्षी त्याची बहीण कातारीना हिला जाळण्यात आले. 1580 मध्ये खुद्द त्याची हाडे उकरून जाळली. आरोप असा की हे घर आतून ज्यूच राहिले होते.

आपल्याला इन्क्विझिशन, म्हणजे बाप्तिस्मा घेऊनही जुना धर्म पाळणाऱ्यांना शोधून शिक्षा करणारे न्यायालय, ठाऊक आहे ते मुख्यतः इतिहाससंशोधक अ. का. प्रियोळकरांमुळे, आणि आठवते ते तुळशीवृंदावन, धोतर, लग्नातली गाणी यांच्यावरच्या बंदीमुळे. ती आठवण खोटी नाही. पण 1546 मध्ये मिशनरी फ्रान्सिस झेवियरने पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यासाठी इन्क्विझिशन मागितले, तेव्हा त्याने मोझेसचा धर्म पाळणाऱ्यांचाही उल्लेख केला होता. ते पोर्तुगालहून जहाजात बसून आलेले बाप्तिस्मा झालेले ज्यू. आणि हे लोक मुळात तयार कोणी केले? राज्याने.

1492 मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलले, तेव्हा ओर्ताच्या आईवडिलांसारखे हजारो जण सीमा ओलांडून पोर्तुगालात आले. राजाने प्रत्येक डोक्यामागे कर घेऊन त्यांना आठ महिन्यांपुरते आत घेतले. पुढचा राजा मानुएल याला स्पेनची राजकन्या हवी होती, आणि तिकडची अट होती की ज्यू जायला हवेत. त्याने डिसेंबर 1496 मध्ये हद्दपारीचा हुकूम काढला. मग त्याच्या लक्षात आले की वैद्य, कारागीर, सावकार सगळेच निघून चाललेत. तेव्हा आधी 14 वर्षांखालची मुले आईबापांपासून हिसकावून त्यांना बाप्तिस्मा दिला. जहाजांच्या आशेने लिस्बनला जमलेल्यांना एस्ताउश राजवाड्याच्या आवारात कोंडले आणि त्यांच्यावरही पाणी शिंपडले. 1497 अखेर पोर्तुगालात कागदोपत्री एकही ज्यू उरला नाही, आणि देशाबाहेरही फारसे कोणी गेले नाही.

इथे प्रश्न मिटायला हवा होता. धर्माचाच राग असता, तर मिटलाही असता.

1506 मध्ये लिस्बनमध्ये जमावाने तीन दिवस नव्या ख्रिस्त्यांची, म्हणजे या बाप्तिस्मा दिलेल्या ज्यूंची, कत्तल केली. मेलेल्यांचा आकडा हजारांत जातो. राजाने म्होरक्यांना फासावर दिले. जमाव असाच असतो: पेटतो, लुटतो, दमून घरी जातो. राज्य दमत नाही. 1536 मध्ये पोर्तुगालात इन्क्विझिशन आले आणि ते 1821 पर्यंत चालले. पुढे त्याची कचेरी थाटली गेली ती त्याच एस्ताउश राजवाड्यात. ज्यांना इथे बळेच ख्रिस्ती केले, त्यांचीच नातवंडे 'तुम्ही खरे ख्रिस्ती नाही' म्हणून इथल्याच कोठड्यांत. इतिहासाला विनोदबुद्धी असेल तर ती फार हिणकस आहे.

गुन्ह्याच्या खुणा जाहीर वाचून दाखवल्या जात. शुक्रवारी संध्याकाळी घर झाडून दिवा लावणे. डुकराचे मांस न खाणे. शनिवारी धुतलेला सदरा घालणे. शेजारणीने, मोलकरणीने एवढेच पाहायचे आणि सांगायचे. अटक होताच मालमत्तेला टाच. फिर्याद कोणी दिली, हे आरोपीला कधी कळत नसे. ओर्ता मनातून मोझेसचाच धर्म मानत होता, ही जबानी त्याच्या मेहुण्याची.

कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना गावकरी 'शनिवार तेली' म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत. या नावात जातीची उतरंड आहेच, उगाच आपली पाठ थोपटायला नको. पण तिथे शनिवार ही ओळख होती. तीच खूण थोडी दक्षिणेला, मांडवीकाठी, पुरावा ठरत होती. फरक शेजाऱ्यांच्या चांगुलपणाचा नव्हे, शेजारणीची चहाडी ऐकायला लेखणी घेऊन बसलेल्या कारकुनाचा आहे.

त्या कारकुनामागे हिशेबही होता. 1605 मध्ये नव्या ख्रिस्त्यांना सार्वत्रिक माफी मिळाली, 17 लाख क्रुझादो मोजून. गाय मारायची नव्हती, धार काढत राहायची होती. आणि त्यासाठी ती गायच आहे, हे पिढ्यान्‌पिढ्या दफ्तरात लिहून ठेवणे भाग होते. स्पेनमधल्या तोलेदो शहराने 1449 मध्येच रक्तशुद्धीचा नियम केला होता. पोर्तुगालातही मानाची पदे हवी असतील तर पणजोबा-खापरपणजोबा तपासले जात. एकदा धर्म रक्तात ढकलला की बाप्तिस्म्याचे पाणी तिथवर पोचत नाही.

हे ओळखणारा एक मंत्री अखेर निघाला. पोंबालने 1768 मध्ये नव्या ख्रिस्त्यांच्या याद्याच नष्ट करायला लावल्या आणि 1773 मध्ये जुना-नवा हा भेद कायद्याने बुडवला. तो काही दयाळू माणूस नव्हता. पण ज्यूला ज्यू ठेवणारी गोष्ट देवळात नसून दफ्तरात आहे, हे त्याला कळले होते.

1971 मध्ये पोर्तुगालने 20 एश्कुदोंच्या नोटेवर ओर्ताचा चेहरा छापला. 2015 मध्ये तिथे हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देण्याचा कायदा लागू झाला. पूर्वज ज्यू होते, याचा पुरावा मात्र अर्जदाराने द्यायचा होता. तो शोधायला लोक लिस्बनच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात गेले आणि त्यांनी इन्क्विझिशनच्या खटल्यांच्या फायली उघडल्या. कोणत्या शुक्रवारी कोणाच्या घरात दिवा लागला होता, ते तिथे सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहे.